हयातीचा दाखला

दिवाळीचे आकाशकंदील उतरतात न उतरतात तोच आपल्या शहरांत बँकांसमोर एक वेगळीच रांग लागते. नोव्हेंबर हा पेन्शनरांचा महिना. त्या महिन्यात आपण जिवंत आहोत हे स्वतः जाऊन सांगायचे, सही किंवा अंगठा द्यायचा, आणि आणखी एक वर्ष मिळवायचे. या कागदाला आपल्याकडे फार नेमके नाव आहे : हयातीचा दाखला. २०१४ पासून बोटाच्या ठशावर घरबसल्या तो देण्याची सोय झाली, तरी रांग संपलेली नाही. रांगेत पुरुषांइतक्याच, काही ठिकाणी जास्तच, बायका दिसतात. त्यांतल्या अनेकींनी आयुष्यात कधी नोकरी केलेली नसते. त्या नवऱ्याच्या नोकरीचा उरलेला धागा धरून उभ्या असतात.

या धाग्याचा इतिहास शोधावा असे मला वाटले ते आजीच्या ट्रंकेमुळे. घर बदलताना ती उघडली, तेव्हा तळाशी एका पिवळ्या पाकिटात आजोबांच्या पेन्शनच्या आदेशाची प्रत, त्यांच्या मृत्यूचा दाखला, एक प्रतिज्ञापत्र आणि आजीचा एक फोटो सापडला. फोटोत आजी एकटी होती. आमच्या घरातल्या इतर सगळ्या फोटोंत ती कुणाच्या तरी मागे किंवा कुणाला तरी मांडीवर घेऊन आहे. हा एकच फोटो असा की, तिच्याशिवाय त्यात कुणी नाही. तो १९८५ सालचा आहे आणि तो सरकारने मागितला म्हणून काढलेला आहे.

आजोबा केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून होते. जन्म १९०६ चा. १९६१ साली पंचावन्न पूर्ण झाली आणि ते निवृत्त झाले. त्यांच्याच कचेरीतले, त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असलेले एक गृहस्थ आमच्याच वाड्यात राहत. १ डिसेंबर १९६२ पासून केंद्र सरकारने निवृत्तीचे वय पंचावन्नवरून अठ्ठावन्न केले, त्यामुळे ते १९६६ साली निवृत्त झाले. आजोबा १९६९ च्या पावसाळ्यात गेले, ते गृहस्थ त्यानंतर चार वर्षांनी. दोघांची नोकरी सारखी, पद जवळजवळ सारखे, पगारात फार फरक नाही. पण वाड्यातल्या त्या काकूंना दर महिन्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू लागले आणि आमच्या आजीला एक पैसाही मिळाला नाही. आजोबा गेले त्या दिवसापर्यंतचे पेन्शन हिशेब करून मिळाले, आणि खाते बंद झाले.

आजीने याबद्दल कधी तक्रार केल्याचे मला आठवत नाही. "त्यांचं नशीब," एवढेच ती म्हणायची. नशीब म्हणजे काय, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्या नशिबाला तारीख होती : १ जानेवारी १९६४.

*

नोकरी करणारा गेल्यावर त्याच्या माणसांचे काय, हा प्रश्न आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला असे नाही. मराठी राज्यात रणात कामी आलेल्या शिपायाच्या किंवा सरदाराच्या मुलाबाळांसाठी जी नेमणूक होई तिला 'बालपरवेशी' म्हणत. शब्द सुंदर आहे. परवेशी म्हणजे सांभाळ, प्रतिपाळ. कधी रोख रक्कम, कधी जमीन, कधी मुलगा मोठा होईपर्यंत बापाची जागा राखून ठेवणे, अशी तिची रूपे. मात्र ती मिळे ती धन्याच्या मर्जीने. तिच्यासाठी अर्ज करता येई, दाद मागता येत नसे. चाकरीची आठवण ठेवणे हा धन्याचा मोठेपणा होता, चाकराच्या बायकोचा हक्क नव्हता.

गंमत अशी की, याच प्रश्नावर पुढे खुद्द पेशव्यांच्या घराण्याला अर्जदार व्हावे लागले. १८१८ च्या जूनमध्ये दुसरे बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले, आणि वर्षाला आठ लाख रुपयांच्या तनख्यावर बिठूरला गेले. हा तनखा त्यांच्या आणि त्यांच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी असल्याचे कराराच्या मजकुरात होते. जानेवारी १८५१ मध्ये बाजीराव वारले. दत्तक पुत्र नानासाहेबांनी तनखा पुढे चालू ठेवण्याची मागणी केली. डलहौसीचे उत्तर असे की, तनखा बाजीरावांच्या हयातीपुरता होता, आणि तेहतीस वर्षांत अडीच कोटींवर रुपये पोचलेले असताना घराण्याने आणखी काही मागण्याचे कारण नाही. १८५३ साली अझीमुल्ला खान लंडनला गेले ते हीच बाजू मांडायला. तिथेही नकारच मिळाला. नानासाहेबांच्या बाजूचा मुद्दा साधा होता : करारात 'कुटुंब' हा शब्द आहे, मग बाजीराव गेल्यावर कुटुंबही संपले का?

त्याच सुमारास झाशीला तोच प्रश्न दुसऱ्या रूपात उभा राहिला. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव गेले. आदल्याच दिवशी त्यांनी दत्तक घेतले होते. कंपनीने राज्याच्या वारसासाठी ते दत्तकविधान मानले नाही, आणि राणीला महिना पाच हजार रुपयांचा तनखा देऊ केला. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १८५७ ची कारणे अनेक होती आणि ती सगळी तनख्यात शोधणे भाबडेपणाचे होईल. पण मला या दोन प्रकरणांत एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मेलेल्या माणसाचे 'कुटुंब' कोण हे ठरवण्याचा अधिकार देणाऱ्याने आपल्याकडे ठेवला होता, आणि घेणाऱ्याला कोर्टाचा दरवाजा नव्हता.

हा दरवाजा कायद्यानेच पक्का बंद झाला तो १८७१ साली. त्या वर्षीचा पेन्शन कायदा, म्हणजे १८७१ चा तेविसावा कायदा, आजही कायद्याच्या पुस्तकात आहे. सरकारने किंवा आधीच्या राजवटींनी दिलेल्या पेन्शनबद्दल वा महसुलाच्या देणगीबद्दल दिवाणी न्यायालयाने दावा दाखल करून घेऊ नये, असे त्याचे चौथे कलम सांगते. गाऱ्हाणे असेल तर कलेक्टरकडे जावे. याच कायद्याने सावकाराला पेन्शनवर जप्ती आणण्याची मनाईही केली, हे त्याचे पुण्य. म्हणजे पेन्शन सावकारापासून सुरक्षित झाले, सरकारपासून नव्हे. ते अनुग्रह होते, आणि अनुग्रहावर खटला चालत नाही.

*

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये पेन्शनचे नियम उदार झाले. त्यांत विधवेसाठी तरतूद होती, पण नवऱ्याची सेवा लांब हवी आणि मिळणार ते ठरावीक वर्षांपुरते, अशी तिची चौकट होती. नवरा निवृत्त होऊन बरीच वर्षे जगला, की त्याच्यामागे बायकोला काही उरत नसे. म्हणजे दीर्घायुषी नवऱ्याच्या बायकोचे वैधव्य रिकाम्या हाताचे.

खरा बदल १ जानेवारी १९६४ च्या कुटुंब निवृत्तिवेतन योजनेने झाला. किमान एक वर्षाची सलग सेवा झालेला कर्मचारी नोकरीत असताना वा निवृत्तीनंतर वारला, तर त्याच्या विधवेला तिच्या हयातभर किंवा पुनर्विवाह होईपर्यंत निवृत्तिवेतन मिळेल. ती नसेल, तर अज्ञान मुलांना. महिला कर्मचारी वारली, तर तिच्या पतीला. यासाठी कर्मचाऱ्याने आपल्या उपदानातून दोन महिन्यांच्या वेतनाएवढी रक्कम सोडायची. आजच्या केंद्रीय नियमांचा आणि महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधल्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या तरतुदीचा पाया हाच आहे.

पण योजना लागू झाली ती त्या दिवशी नोकरीत असलेल्यांना आणि नंतर येणाऱ्यांना. ३१ डिसेंबर १९६३ ला किंवा त्याआधी निवृत्त झालेले बाहेर राहिले. आजोबा बाहेर, वाड्यातले गृहस्थ आत. दोघांच्या जन्मतारखांत दोन वर्षांचे अंतर आणि मध्ये निवृत्तीचे वय वाढवणारा एक आदेश, एवढ्यावर दोन बायकांचे म्हातारपण ठरले.

अशा तारखा सरकारला घालाव्याच लागतात, हे मी नाकारत नाही. पैसा मोजका असतो आणि कुठून तरी सुरुवात करावी लागते. प्रश्न असा की, जिथे रेघ ओढली तिच्या अलीकडचा आणि पलीकडचा माणूस खरोखर वेगळा आहे का? या प्रश्नाला न्यायालयात जागा मिळायला बराच काळ गेला.

आधी पेन्शन म्हणजे काय, याचाच निकाल लागायचा होता. १९७१ साली देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो लावला. बिहारच्या शिक्षण खात्यातल्या या माणसाचे पेन्शन अडले होते. न्यायालय म्हणाले की, पेन्शन ही सरकारच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी नाही. नियमांनुसार सेवा केली की तो हक्क होतो, आणि तो हक्क म्हणजे मालमत्ता आहे. १८७१ पासूनची शंभर वर्षांची समजूत त्या दिवशी उलटली.

मग आला नाकारांचा खटला. डी. एस. नाकारा संरक्षण मंत्रालयातून वित्तीय सल्लागार म्हणून १९७२ मध्ये निवृत्त झाले होते. १९७९ साली सरकारने पेन्शनचे सूत्र सुधारले. पूर्वी शेवटच्या छत्तीस महिन्यांच्या वेतनाची सरासरी धरत, ती आता दहा महिन्यांची झाली. साहजिकच पेन्शन वाढले. पण हा लाभ ३१ मार्च १९७९ ला नोकरीत असलेल्यांना आणि त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच. आदल्या दिवशी निवृत्त झालेला जुन्या सूत्रात. नाकारा, त्यांच्यासारखे आणखी एक पेन्शनर, आणि एच. डी. शौरींची 'कॉमन कॉज' ही संस्था न्यायालयात गेली. पाच न्यायमूर्तींच्या पीठाचे अध्यक्ष होते पुण्यात जन्मलेले सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. पीठात न्यायमूर्ती तुळजापूरकरही होते. निकाल लिहिला न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी. तारीख १७ डिसेंबर १९८२.

निकालाचा गाभा दोन वाक्यांत सांगता येतो. पेन्शनर हा एकच वर्ग आहे, आणि केवळ निवृत्तीच्या तारखेवरून त्याचे दोन तुकडे करणे राज्यघटनेच्या चौदाव्या कलमातल्या समानतेच्या विरुद्ध आहे. पेन्शन म्हणजे मागे केलेल्या सेवेचे मोल, आणि म्हातारपणी माणसाने कुणापुढे हात पसरू नये यासाठी समाजाने दिलेली हमी. १७ डिसेंबर हा दिवस देशभर पेन्शनर दिन म्हणून पाळतात तो यामुळे. त्या दिवशीच्या सभांत सत्कार होतात, महागाई भत्त्याची थकबाकी निघते, चहा होतो. हा दिवस एका रेघेच्या पलीकडे उभ्या राहिलेल्या माणसाचा आहे, हे मात्र क्वचितच बोलले जाते.

*

नाकारांचा निकाल पेन्शनरांचा होता. आजी पेन्शनर नव्हती, ती पेन्शनरची विधवा होती. तिच्यासाठी आणखी एक खटला लागला.

पूनमल आणि इतर काही विधवांनी सर्वोच्च न्यायालयात विचारले की, आमचे नवरे १९६४ च्या आधी निवृत्त झाले हा आमचा दोष कसा? विधवेची गरज नवऱ्याच्या निवृत्तीच्या तारखेने कमीजास्त होत नाही. दोन महिन्यांच्या वेतनाची जी वर्गणी कर्मचारी भरत, ती सरकारने २२ सप्टेंबर १९७७ पासून रद्दच केली होती. म्हणजे 'तुमच्या नवऱ्याने पैसे भरले नव्हते' हे कारणही उरले नव्हते. ३० एप्रिल १९८५ रोजी निकाल लागला. १९६४ च्या योजनेबाहेर राहिलेल्या कुटुंबांना ती २२ सप्टेंबर १९७७ पासून लागू करावी आणि थकबाकी द्यावी, असे ठरले. सुनावणीत सरकारनेही शेवटी आडमुठी भूमिका न घेता हे मान्य केले.

ही बातमी आमच्या घरी वर्तमानपत्रातून आली. वडिलांनी आजीला वाचून दाखवली. तिला खरे वाटले नाही. सोळा वर्षांनी सरकार पैसे कशाला देईल, असे तिचे म्हणणे. पण अर्ज झाला, आणि मग पिवळ्या पाकिटातले कागद एकेक करून जमू लागले. आजोबांचा पेन्शनचा आदेश सापडला तो देवघरात, पोथीत घातलेला. मृत्यूचा दाखला नगरपालिकेतून काढावा लागला. लग्नाचा पुरावा मागितला, तेव्हा मात्र घरात हसू फुटले आणि लगेच थांबले. १९२८ सालचे लग्न. नोंदणी कुठली, पत्रिका कुठली? आजी तेव्हा चौदा वर्षांची होती. लग्नाला हजर असलेल्यांतले एक दूरचे मामा हयात होते, त्यांनी प्रतिज्ञापत्रावर सही केली. आणि अर्जाला डकवायला फोटो हवा, म्हणून वडील तिला स्टुडिओत घेऊन गेले.

पेन्शन सुरू झाले तेव्हा ती एकाहत्तर वर्षांची होती. पुढच्या वर्षी, १९८६ पासून, चौथ्या वेतन आयोगामुळे कुटुंब निवृत्तिवेतनाची किमान रक्कम महिना ३७५ रुपये झाली. आमच्या घरखर्चात ती काही मोठी नव्हती. तरी दर महिन्याला वडील तिला रिक्षाने बँकेत नेत, ती स्वतः सही करून पैसे घेई, घरी येऊन त्यांतले थोडे देवापुढे ठेवी आणि उरलेल्यांतले निम्मे आईच्या हातात देई. "माझ्या जेवणाचे," म्हणायची. आईला ते फार लागे. ती घ्यायला तयार नसे, आणि आजी दिल्याशिवाय राहत नसे. या दोघींमधला हा महिन्याचा वाद मी लहानपणी पाहिला आहे, आणि त्यात कोण बरोबर होते हे मला आजही ठरवता येत नाही. मात्र सोळा वर्षे आजीने जेवण कशाच्या हिशेबात धरले होते, हे त्या वादातून मला नंतर समजले.

*

कागदांच्या त्या गठ्ठ्यात आणखी एक छापील नमुना होता : पुनर्विवाह न केल्याचा दाखला. एकाहत्तर वर्षांच्या बाईने आपण पुन्हा लग्न केलेले नाही हे लिहून द्यायचे. त्या वयात तिला ते विनोदी वाटले. मला त्यात एक जुना कायदा दिसतो.

१८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याचा उल्लेख आपण सुधारणेच्या इतिहासात अभिमानाने करतो, आणि तो योग्यच आहे. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाईंशी लग्न केले, तेव्हा समाजाने बहिष्कार घातला, पण ते लग्न बेकायदा ठरवू शकला नाही तो याच कायद्यामुळे. त्याच कायद्याचे दुसरे कलम मात्र कमी वाचले जाते. पुनर्विवाह करताच विधवेचे पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेतले आणि पोटगीचे हक्क असे संपतात, जणू त्या दिवशी ती मरण पावली, असे ते कलम सांगते. मरण न पावलेल्या बाईला कायद्याने मृत मानायचे. शंभर वर्षांनी पेन्शनच्या नियमांत 'हयातभर किंवा पुनर्विवाह होईपर्यंत' हे शब्द आले, ते याच विचारातून. हयात आणि पुनर्विवाह एका ओळीत, एकमेकांना पर्याय म्हणून. हयातीचा दाखला आणि पुनर्विवाह न केल्याचा दाखला हे खरे तर एकाच कागदाच्या दोन बाजू होत्या.

लष्करात हा विचार आणखी एका रूपात होता. शौर्यपदकाबरोबर मिळणारा आर्थिक भत्ता वीरपत्नीने पुनर्विवाह केला तर बंद होई. फक्त तिने दिवंगत पतीच्या भावाशी लग्न केले तरच तो चालू राही. ही अट निघाली २०१७ च्या नोव्हेंबरात. नागरी सेवेत सहाव्या वेतन आयोगानंतर, १ जानेवारी २००६ पासून, निपुत्रिक विधवेला पुनर्विवाहानंतरही कुटुंब निवृत्तिवेतन चालू ठेवण्याची मुभा मिळाली. तिचे स्वतःचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत हवे, एवढीच अट. १८५६ पासून मोजले तर दीडशे वर्षे.

'कुटुंब' या शब्दाची हद्द अशीच एकेक इंचाने सरकली आहे. निवृत्तीनंतर लग्न केलेल्या पत्नीला आणि निवृत्तीनंतर जन्मलेल्या मुलांना पूर्वीचे नियम कुटुंब मानत नसत. १९८९ साली भगवंतींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही रेघ पुसली. १९९१ साली व्हायोलेट आयझॅक यांच्या खटल्यात ठरले की, कुटुंब निवृत्तिवेतन हे मृताच्या इस्टेटीचा भाग नाही. ते त्याने मृत्युपत्राने भावाला वा पुतण्याला देता येत नाही. ते विधवेला नियमानेच मिळते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण भविष्य निर्वाह निधीचे नामनिर्देशन आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क यांत घरोघरी गल्लत होते. १९९८ मध्ये अवलंबून असलेले आईवडील आणि विधवा वा घटस्फोटित मुली यादीत आल्या, पण मुलींना पंचविशीची मर्यादा होती. पंचविशीनंतर विधवा झालेल्या मुलीला २००४ पर्यंत थांबावे लागले. आईवडील हयात असताना घटस्फोटाचा दावा दाखल झाला आणि निकाल त्यांच्यामागे लागला, अशा मुलींचा विचार २०१७ साली झाला. आणि २०२४ च्या पहिल्याच दिवशी केंद्राने महिला कर्मचाऱ्यांना मुभा दिली की, पतीशी घटस्फोटाचा वा कौटुंबिक छळाचा खटला चालू असेल, तर पतीऐवजी आधी मुलांचे नाव देता येईल.

प्रत्येक वेळी हद्द पुढेच सरकते असे मात्र नाही. २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयापुढे नागपूरचे एक प्रकरण आले. केंद्र सरकारचे एक अधीक्षक १९९३ मध्ये निवृत्त झाले, पुढच्या वर्षी वारले. मूल नव्हते. त्यांच्या पत्नीने १९९६ साली मुलगा दत्तक घेतला, पुढे तिने पुनर्विवाह केला, आणि मुलाने कुटुंब निवृत्तिवेतन मागितले. न्यायालयाने ते नाकारले. बापाच्या मृत्यूच्या वेळी पोटात असलेले मूल त्याच्या कुटुंबातले, पण त्याच्यामागे विधवेने दत्तक घेतलेल्या मुलाशी त्याचा नियमांच्या अर्थाने संबंध नाही, असा त्यामागचा विचार. हा निकाल वाचताना मला बिठूर आणि झाशी आठवल्यावाचून राहिले नाहीत. तुलना पूर्ण बसत नाही, हे मला कळते. बाजीरावांनी आणि गंगाधररावांनी हयातीतच दत्तक घेतले होते, आणि नागपूरच्या मुलाचे म्हणणे तरी तीन न्यायासनांनी ऐकून घेतले. नानासाहेबांना एकही मिळाले नव्हते. तेवढे अंतर आपण नक्कीच चाललो आहोत.

*

आता पुढच्या पिढीकडे येतो. केंद्रात १ जानेवारी २००४ नंतर आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांसाठी जुने पेन्शन संपले, अंशदानाची नवी योजना आली. मागे राहणाऱ्या पत्नीला काय मिळेल ते आता बाजारावर, आणि निवृत्तीच्या वेळी कोणती वार्षिकी निवडली यावर अवलंबून राहिले. २०२३ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी संपावर गेले, त्यामागे स्वतःच्या म्हातारपणाइतकीच ही काळजीही होती. त्या संपानंतर सेवेत असताना मृत्यू आलेल्यांच्या वारसांना कुटुंब निवृत्तिवेतन देण्याचा निर्णय राज्याने घेतला. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत योजना आणली. पंचवीस वर्षांच्या सेवेला सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे, आणि निवृत्तीनंतर मृत्यू आला, तर त्याच्या साठ टक्के रक्कम पत्नीला किंवा पतीला.

या योजनेच्या जानेवारी २०२५ च्या अधिसूचनेत एक कंस आहे. पत्नी किंवा पती म्हणजे कोण? निवृत्तीच्या तारखेला जी वा जो विधिवत विवाहित जोडीदार होता, तो. म्हणजे भगवंतींनी १९८९ मध्ये पुसलेली रेघ ३६ वर्षांनी कंसात परत आली. कदाचित त्यामागे खर्चाचा विचार असेल, खोट्या लग्नांची भीती असेल. पण साठीनंतर एकमेकांच्या आधारासाठी लग्न करणारी माणसे आता आपल्या शहरांत दिसू लागली आहेत. त्यांच्यातली कुणी एक उद्या न्यायालयाची पायरी चढेल.

आणि ज्यांच्या नवऱ्यांनी सरकारी नोकरी कधी केलीच नाही, त्या बायकांचा इतिहास तर अजून सुरूही व्हायचा आहे. केंद्रीय कर्मचाऱ्याच्या विधवेला २०१६ पासून महिना किमान ९,००० रुपये आणि वर महागाई भत्ता. दारिद्र्यरेषेखालच्या चाळिशीपुढच्या विधवेला केंद्राच्या योजनेतला वाटा महिना ३०० रुपये. संघटित कारखान्यातल्या मजुराच्या निवृत्तिवेतनाची किमान रक्कम २०१४ पासून १,००० रुपये. या तीन आकड्यांमध्ये ज्या रेघा आहेत त्या तारखेच्या नाहीत, पण आजी आणि वाड्यातल्या काकू यांच्यामधल्या रेघेपेक्षा त्या अधिक न्याय्य आहेत असे मला म्हणवत नाही.

आजी १९९३ साली गेली. आठ वर्षे तिने पेन्शन घेतले. ती गेल्यावर बँकेला कळवायचे काम माझ्याकडे आले. मी मृत्यूचा दाखला घेऊन गेलो. खिडकीतल्या माणसाने तिचे पुस्तक पाहिले आणि म्हणाला, "आजी गेल्या का? दर नोव्हेंबरात पहिल्या दिवशी यायच्या." मला हे माहीत नव्हते. दाखल्याला महिनाभर मुदत असे, तरी ती पहिल्याच दिवशी जायची.